माग थांबला तेव्हा

आमच्या इचलकरंजीत माग बंद पडला की माणसाचा चेहरा उतरतो. धागा तुटो, धोटा अडको नाहीतर लाइट जावो, थांबलेला माग म्हणजे बुडालेला पैसा. मी त्या खडखडाटातच वाढले. घरामागच्या शेडमध्ये वडिलांचे चोवीस माग होते. रात्रपाळीत आवाज जरा कमी झाला तरी आई झोपेतून विचारायची, "कुठला गं बंद पडला?"

म्हणून १९८९ च्या फेब्रुवारीतला तो प्रसंग माझ्या डोक्यातून कधी गेला नाही. मी व्हीजेटीआयमधून टेक्स्टाइल करून पुढे शिकायला लीड्सला गेले आणि तिथेच एका इंग्रज मुलाशी लग्न केलं. घरच्यांनी आधी अबोला धरला, मग अबोला सोडून जोरदार स्वागत समारंभ ठरवला. सासू-सासरे त्यासाठी इचलकरंजीला आले. दुसऱ्या दिवशी वडील त्यांना शेड दाखवायला घेऊन गेले. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग कसा आणला, हे ते प्रत्येक पाहुण्याला सांगत, तसं त्यांनाही सांगितलं. मी मधे उभी राहून भाषांतर करत होते. सासरे पाच मिनिटांत कानावर हात ठेवून अंगणात निघून गेले. सासूबाई मात्र मागांच्या दोन रांगांमधल्या वाटेत उभ्याच राहिल्या.

तेवढ्यात एक माग थांबला. माग दुरुस्त करणारा जॉबर धावला, वडिलांच्या कपाळाला आठी पडली. आणि सासूबाई एकदम वळल्या. हात अर्धवट पुढे करून दाराकडे दोन पावलं झपाझप चालल्या आणि मग थबकल्या. आपण कुठे निघालो होतो हे त्यांनाच कळेना, असा चेहरा. "भोवळ आली वाटतं बाईंना, लिंबूसरबत द्या," काकू म्हणाली. त्यांनी निमूटपणे सरबत घेतलं आणि उन्हाला दोष दिला. फेब्रुवारीतलं ऊन ते किती!

संध्याकाळी त्या पुन्हा शेडमध्ये गेल्या आणि वडिलांना विचारलं, "हे दिवसातून किती वेळा थांबतात?" वडिलांना तो प्रश्न फार लागला.

पुढची वीस वर्षं यावर कोणी काही बोललं नाही. सासरे १९९६ मध्ये गेले. सासूबाई आमच्यापासून दहा मिनिटांवर एकट्या राहत. त्यांना नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना. इंग्लंडात तीच पद्धत, पण सासूला नावाने? शेवटी मुलं म्हणायची म्हणून मीही 'आजी' म्हणायला लागले. तो 'जी' त्यांना छान जमायचा.

२००९ मध्ये बातमी आली, की दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे गुप्त संदेश फोडणाऱ्या ब्लेचली पार्कला आणि त्याच्या बाह्यकेंद्रांत काम केलेल्या हयात लोकांना सरकार एक बिल्ला देणार. जेवताना नवऱ्याने थट्टा केली, "आई, तू पण नौदलात टायपिंग करत होतीस ना, मागून घे एक." सासूबाई हातरुमालाची घडी घालत होत्या. ती पूर्ण करून त्यांनी शांतपणे विचारलं, "ईस्टकोट धरतात का रे त्यात?"

टेबलावर जी शांतता पसरली ती मला अजून ऐकू येते. माझा नवरा बावन्न वर्षांचा होता, आणि आपल्या आईला टायपिंग येतच नाही हे त्याला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

अर्ज लहानसा होता. तेव्हाचं नाव, कुठल्या दलात, कुठून कुठवर, कुठे, काम काय. त्यांची बोटं संधिवाताने वाकडी झाली होती, पेन धरवत नव्हतं, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं. मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम. सात रविवार लागले. त्या इंग्रजीत बोलायच्या आणि मी मराठीत टिपून घ्यायचे, कारण भरभर लिहायचं तर मला तेच जमतं. पुढचं सगळं त्या वहीतलं आहे.

पहिला रविवार फुकट गेला. त्या बोलायला सुरुवात करत आणि दाराकडे बघत. मी म्हटलं, "आजी, आता सगळं उघड आहे. १९७४ मध्येच एका जुन्या हवाईदल अधिकाऱ्याने पुस्तक लिहिलं, त्यानंतर तर सिनेमेसुद्धा आले." त्यावर त्या म्हणाल्या, "त्याने लिहिलं. मला कोणी सांगितलं नाही, की आता तू बोल." माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. गुप्ततेच्या कागदावर सही त्यांनी केली होती, पुस्तक लिहिणाऱ्याने त्यांच्या वतीने नाही.

दुसऱ्या रविवारी केक करून नेला, मग गाडी जरा सरकली.

जन्म १९२४ चा. १९४३ मध्ये एकोणिसाव्या वर्षी त्या महिलांच्या नौदलात, म्हणजे विमेन्स रॉयल नेव्हल सर्व्हिसमध्ये भरती झाल्या. आद्याक्षरांच्या उच्चारावरून तिथल्या मुलींना 'रेन' म्हणत. रेन नावाचा चिमणीपेक्षाही लहान पक्षी असतो. त्यांना समुद्र बघायचा होता. आधी उत्तर लंडनमधल्या मिल हिलला दोन आठवडे फरशा घासायला लावल्या. फरशीला फरशी म्हणायचं नाही, 'डेक' म्हणायचं. स्वयंपाकघर 'गॅली'. फाटकाबाहेर पाय टाकायचा तर 'किनाऱ्यावर जाते' असं सांगून जायचं, मग भोवती दहा-दहा मैल पाण्याचं डबकं का नसेना. "आणि मला खरा समुद्र दिसला १९४६ मध्ये, ट्रिपला गेले तेव्हा," त्या म्हणाल्या.

मिल हिलनंतर काही जणींना वेगळं काढलं. काम कसलं ते सांगितलं नाही. पाळ्यांचं आहे, कंटाळवाणं आहे, गुप्त आहे, बढती फारशी नाही, आणि एकदा आत आलात की बदली मागता येणार नाही. नको असेल त्यांनी आत्ता जावं. कोणी गेलं नाही. "एकोणिसाव्या वर्षी 'गुप्त' हा शब्द ऐकल्यावर कोण जाईल?" मग कागदावर सही. आणि मग लंडनच्या वायव्येला ईस्टकोटच्या ठोकळ्यासारख्या बैठ्या इमारती. बाहेरून बघणाऱ्याला सरकारी गोदाम वाटावं अशा.

आत यंत्रं. त्यांना 'बॉम्ब' म्हणत, पण स्फोटाशी काही संबंध नाही. माणसापेक्षा उंच, सात फूट रुंद, वजन टनभर. कपाटासारखं कपाट. दर्शनी बाजूला रंगीत ड्रमच्या रांगा, एकूण १०८. मागची बाजू उघडली की तारांचं रान. एका यंत्रात मैलोन् मैल तार.

इथे मी वही खाली ठेवली आणि विचारलं, "पण ते करायचं काय?"

त्यांनी हात झटकला. "मला गणित विचारू नकोस. आम्हाला सांगितलं एवढंच, की जर्मनांचे संदेश फोडायला याचा उपयोग होतो. किल्ली कुठे बसते ते हे मशीन शोधतं. बाकी तू वाच."

मग मी वाचलं. जर्मनांचं एनिग्मा यंत्र टाइपरायटरसारखं. एक अक्षर दाबायचं आणि दिव्यांच्या पाटीवर दुसरंच अक्षर उजळायचं. आत तीन चकत्या, दर दाबणीला फिरणाऱ्या, त्यामुळे तेच अक्षर पुन्हा दाबलं तरी उत्तर वेगळं. पाच चकत्यांपैकी कुठल्या तीन, कुठल्या क्रमाने, कुठून सुरू, वर पुढच्या फळीवर दहा अक्षरजोड्यांच्या तारा. सगळं मिळून शक्यता किती, तर १५९ लिहून पुढे अठरा शून्यं. आणि मध्यरात्री ही जुळणी बदलायची. म्हणजे आज जे शोधलं ते उद्या रद्दी.

यात एक खोट होती. एनिग्मामध्ये कुठलंही अक्षर स्वतःचं स्वतःत कधीच बदलत नाही. 'क' चा 'क' होणार नाही. दुसरी खोट यंत्रातली नाही, माणसातली. जर्मन लोक रोज ठरल्या वेळी हवामानाचा अंदाज पाठवायचे आणि त्यात 'हवामानाचा अंदाज' हे शब्द असायचेच. ब्लेचलीतली मंडळी असा अंदाजाचा तुकडा गुप्त मजकुराखाली धरून सरकवत न्यायची. वरचं-खालचं अक्षर कुठेही सारखं आलं की ती जागा बाद. जिथे बसेल तिथे अक्षराखाली अक्षर येऊन जोड्या मिळायच्या, आणि त्या जोड्यांचा एक नकाशा काढायचा. त्याला म्हणायचे मेनू. मेनू ईस्टकोटला यायचा. इथून पुढे सासूबाईंचं राज्य.

हे मी त्यांना वाचून दाखवलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "हवामान? आम्ही हवामानासाठी एवढं केलं?" आणि पोट धरून हसल्या.

तिसऱ्या रविवारपासून मात्र मला काही विचारावं लागलं नाही. हात बोलायला लागले. मेनू हातात आला की आधी ड्रम लावायचे. एकाखाली एक तीन ड्रम म्हणजे एक एनिग्मा, अशा छत्तीस एनिग्मा एका कपाटात. चकतीगणिक रंग ठरलेला: पहिली लाल, दुसरी किरमिजी, तिसरी हिरवी, चौथी पिवळी, पाचवी तपकिरी. वरच्या रांगेपर्यंत हात पुरायला हवा. त्या उंच होत्या, म्हणून वरचे ड्रम लावायला त्याच पुढे. मग मागे जाऊन मेनूप्रमाणे जाड केबल खोचायच्या. एक प्लग चुकला, की पाळीभर मशीन चालून हाती शून्य. वर चूक कुठे झाली ते कळायचंही नाही.

मी म्हटलं, "आजी, ही तर वहिफणी." आणि मग मला त्यांना वहिफणी समजावून सांगावी लागली. नव्या बीमचा एकेक धागा आकड्याने मागाच्या वहीतून आणि फणीतून ओढून घ्यायचा, हजारो धागे, ठरलेल्या क्रमाने. एक चुकला तर कापडभर रेघ. त्या ऐकत होत्या. "किती पगार मिळतो त्यांना?" त्यांनी विचारलं. पुष्कळांनी मला इचलकरंजीबद्दल पुष्कळ काही विचारलं आहे, पण हे कोणी विचारलं नव्हतं.

आणि चिमटा. युद्धातली एकच वस्तू आठवायची म्हटली तर त्यांना चिमटा आठवायचा, भुवया कोरायचा असतो तसला. प्रत्येक ड्रमच्या पाठीला तारेचे बारीक कुंचले, एका ड्रमला १०४. दोन तारा जरा वाकून एकमेकींना टेकल्या तरी वीज भलतीकडे जायची आणि उत्तर खोटं यायचं. म्हणून प्रत्येक ड्रम हातात घ्यायचा, उजेडाकडे धरायचा आणि चिमट्याने एकेक तार सरळ करायची. मी हिशोब केला: १०८ गुणिले १०४, म्हणजे ११,२३२ तारा एका मशीनला. "गुणाकार तू कर," त्या म्हणाल्या, "मी तारा केल्या आहेत."

सुरू केलं की वरचे ड्रम गरगर फिरायचे, मधले थबकत-थबकत, खालचे त्याहून सावकाश. २६ गुणिले २६ गुणिले २६, म्हणजे १७,५७६ जागा तपासायच्या. प्रत्येक जागी मशीन एकच बघायचं: मेनूतल्या जोड्या इथे खऱ्या धरल्या तर कुठे विसंगती येते का? आली की पुढे. पंधरा-वीस मिनिटं नुसता खडखडाट आणि तेलाचा वास. बाह्या तेलकट. एका खोलीत एक मशीन नाही, ओळीने कितीतरी. आणि अचानक त्यातलं एक थांबायचं.

"थांबलं," असं म्हणताना पंच्याऐंशी वर्षांच्या सासूबाईंनी खुर्चीत पाठ ताठ केली.

थांबलं म्हणजे विसंगती न आलेली जागा सापडली. उत्तर असेलच असं नाही, बहुतेकदा नसायचंच. दर्शक ड्रमवरची तीन अक्षरं आणि उजव्या बाजूचं अक्षर लिहून घ्यायचं, जोडीदारणीला द्यायचं. तिने दुसऱ्या लहान यंत्रावर ताडून बघायचं. जमतंय असं वाटलं तर फोन. फोनवर पलीकडे कोण, कुठे, हे कधी कळलं नाही. मशीन पुन्हा चालू करून द्यायचं, कारण उत्तर पुढेही असू शकतं. आणि कधीतरी पलीकडून निरोप यायचा, जॉब झाला, मशीन उतरवा. मग सगळे ड्रम काढायचे, सगळ्या तारा उपसायच्या, पुढचा मेनू. टाळ्या नाहीत, चहासुद्धा नाही. संदेश काय होता? कधीच कळलं नाही. जहाज वाचलं की बुडालं? नाही. जर्मन भाषेतला एक शब्दसुद्धा त्यांनी कामावर कधी पाहिला नाही.

सिनेमात फळ्यावर खडूने लिहिणारे विद्वान पुरुष दिसतात. ही यंत्रं रचणारे ट्युरिंग आणि वेल्चमन मोठेच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण युद्ध संपेपर्यंत अशी दोनशेच्या वर यंत्रं झाली होती आणि ती चालवायला सतराशेच्या आसपास रेन होत्या, हे कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. यावर मी घरी तावातावाने बोलत होते, आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की वडिलांच्या शेडमध्ये कांड्या भरणाऱ्या पाच-सहा बायकांपैकी मला एकीचंच नाव आठवतंय. मग मी जरा गप्प बसले.

पाळ्या आठ-आठ तासांच्या, सकाळ, दुपार, रात्र, आणि दर आठवड्याला बदलणाऱ्या. रात्रपाळीने पोट बिघडायचं. दिवसा झोपायचं तर शेजारच्या पलंगावरची दुसऱ्या पाळीची. खोल्यांना दोस्त राष्ट्रांची नावं होती आणि मशीनना त्या-त्या देशातल्या शहरांची. त्या बराच काळ एका पोलिश शहराच्या नावाच्या मशीनवर होत्या. एनिग्मा पहिल्यांदा १९३२ मध्ये मारियान रेयेफ्स्की या पोलिश गणितज्ञाने फोडलं होतं आणि १९३९ च्या जुलैत, युद्ध तोंडावर असताना, पोलंडने सगळं ब्रिटिश आणि फ्रेंचांच्या हातात दिलं होतं, हे त्यांना माझ्याकडून कळलं. "असं होय," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आम्ही त्या मशीनला नावं ठेवायचो. सारखं बिघडायचं."

१९४४ मध्ये अमेरिकन सैनिकांची एक तुकडीही तिथे मशीन चालवायला आली. त्यांच्याकडे खरी कॉफी होती. याविषयी त्या एवढंच बोलल्या, आणि मीही जास्त विचारलं नाही. त्याच जूनमध्ये रजा बंद झाल्या, मेनूंचा पाऊस पडायला लागला, आणि नॉर्मंडीला सैन्य उतरल्याचं त्यांना इतरांसारखंच रेडिओवरून कळलं. मग लंडनवर ते गुरगुरत येणारे उडते बॉम्ब. त्यांचा आवाज बंद झाला की जीव मुठीत, कारण आता ते खाली येणार. "आत मशीन थांबलं की बरं वाटायचं, बाहेर आवाज थांबला की भीती. दिवसभर आम्ही थांबण्याकडेच कान लावून असायचो."

चौथ्या रविवारनंतर मी त्यांना ब्लेचलीला घेऊन गेले. युद्धानंतर ही यंत्रं मोडली होती. सासूबाईंनी स्वतः स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मोडली, तारा रंगांप्रमाणे वेगळ्या करून ढीग लावले. पण जॉन हार्पर यांच्याबरोबरच्या स्वयंसेवकांनी कित्येक वर्षं खपून त्यातलं एक नव्याने उभं केलं होतं. ते २००७ मध्ये सुरू झालं. वाटेत त्यांनी मला बजावलं, कोणाला काही सांगायचं नाही.

आम्ही दहा-बारा जण त्या यंत्रासमोर उभे. माहिती देणारे गृहस्थ भले होते. ड्रम कसे, तारा कशा, मुली कशा पाळ्यांनी काम करायच्या, सगळं सांगितलं. सासूबाई वर्गात पहिल्या बाकावर बसल्यासारख्या मान डोलवत होत्या. मग त्यांनी बटण दाबलं, आणि माझ्या अंगावर काटा आला. आमची शेड! तोच दणका, तीच लय, फक्त धोट्याचा ठोका नाही. इचलकरंजीला त्या बाईला भोवळ आली नव्हती. भोवळ बिलकूल आली नव्हती.

शेवटी "काही प्रश्न?" म्हटल्यावर सासूबाईंनी हात वर केला. "याला तेल फार कमी गळतं, नाही?"

त्या गृहस्थांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग काही न बोलता एक ड्रम काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा केला, खिडकीकडे धरला, आणि पेन धरता येत नसलेलं बोट तारांच्या कडेकडेने हळूच फिरवलं. "ही एक वाकली आहे," त्या म्हणाल्या.

परत येताना गाडीत मी विचारलं, "आजी, त्या दिवशी शेडमध्ये माग थांबला, तेव्हा तुम्ही कुठे निघाला होतात?"

"फोन करायला," त्या म्हणाल्या.

पुढचं मग त्याच बोलल्या. सासऱ्यांना कधी सांगितलं नाही. आधी सांगायची बंदी होती. नंतर बंदी गेली, पण तोवर लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली होती. "तेव्हा सांगितलं असतं, तर मी काय काम केलं हे त्याने ऐकलं नसतं. पंचवीस वर्षं खोटं कशी बोललीस, एवढंच ऐकलं असतं." सासरे चारचौघांत बायकोच्या 'टायपिंग'ची थट्टा करायचे, त्या हसायच्या. १९५७ मध्ये माझ्या नवऱ्याच्या वेळी त्यांनी बाळंतपणात गॅस घेतला नाही. वेदनाशामक म्हणून सगळ्याच जणी घेत. यांना भीती, गुंगीत तोंडून काही निघालं तर? नर्सला वाटलं, बाई फार धीराची. हे ऐकल्यावर माझा नवरा उठून बागेत गेला आणि बराच वेळ गवत कापत बसला. नोव्हेंबर होता, गवत वाढलेलं नव्हतं.

'बाह्यकेंद्रं' म्हणजे नक्की कुठली, हे शोधताना मला आणखी एक गोष्ट सापडली. एक केंद्र थेट दिल्लीत होतं, आनंद पर्वतावर, रामजस कॉलेजच्या जागेत. नाव साळसूद, 'वायरलेस एक्स्पेरिमेंटल सेंटर'. तिथे जपानी संदेशांवर काम चाले. १९४३ च्या एप्रिलमध्ये जपानी लष्कराचा जलवाहतुकीचा कोड विल्फ्रेड नॉइस आणि मॉरिस ॲलन यांनी तिथे फोडला. हेच नॉइस पुढे १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत होते. भारतातल्या महिला सहाय्यक दलातल्या मुलीही त्या केंद्रात कामाला होत्या. मी हे उत्साहाने सासूबाईंना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "तिथल्या कोणी अर्ज केलाय का?" त्या मुली आता कुठे असतील, कोणाच्या आजी, कोणाच्या पणजी, आणि घरच्यांना काय वाटत असेल की त्या काय करत होत्या, हा विचार मी त्यानंतर बऱ्याचदा केला आहे. दिल्लीत काय, पुण्यात काय, एखाद्या जिन्यावर भेटल्याही असतील मला.

सातव्या रविवारी अर्ज भरायला बसलो. नाव, दल, तारखा, ठिकाण, सगळं पटापट झालं. राहिला 'कामाचं स्वरूप' हा रकाना. सात रविवारांची वही माझ्या मांडीवर. मी सुरेख तीन वाक्यं तयार केली होती, एनिग्मा, मेनू, ड्रम, सगळं घालून. वाचून दाखवली. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"हे सगळं काढ," त्या म्हणाल्या.

"मग काय लिहू?"

"ऑपरेटर."

मी लिहिलं. रकान्यात बरीच जागा उरली. सहीसाठी त्यांनी पेन स्वतः घेतलं, वेळ लागला, वाकडी आली. मग पाकीट बंद करून मी ते पर्समध्ये टाकायला लागले, तर त्यांनी हात पुढे केला.

"मी टाकते पोस्टात," त्या म्हणाल्या, आणि कोट घालायला उठल्या.